पाच राहिला

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, सावळीरामाला जेवायला वाढशील तर पाण्याचा तांब्या आधी ठेव, नाहीतर तू पाण्याला वळायची आणि तो ताटावरून उठून मळ्यात गेलेला असायचा. मला वाटलं, नव्या सुनेला घाबरवतायत. कसलं काय. चाळीस वर्षं होत आली, हा माणूस अजून पंगतीत सगळ्यात शेवटी बसतो आणि सगळ्यात आधी उठतो.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलबाजार, तिथून आले की ठिबकच्या नळ्या, नळ्या झाल्या की कुणाच्या तरी बांधाचं भांडण मिटवायला हे हजर. लग्नकार्यात तर विचारूच नका. मांडवात टिळा आधी कुणाला लागला, फेटा आधी कुणाला बांधला, ह्यावर ह्यांचा डोळा. थोरला बसलेला असताना धाकट्याच्या कपाळाला गंध लागलं की ह्यांना घास गोड लागत नाही. मान मोठ्याचा, हे एक वाक्य ह्यांनी जन्मभर धरून ठेवलंय. वाक्य वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण धरावं म्हणजे किती धरावं?

आम्हाला दोन मुलगे. थोरला महेश मळा बघतो, धाकटा दीपक सातपूरला कंपनीत आहे. दीपकचं सृष्टीशी जमलं होतं. सृष्टी गंगापूर रोडला अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवते. माहेर देवळ्याचं, घरी कांद्याची शेती. पोरगी मला बघताक्षणी आवडली, ह्यांनाही आवडली, तिच्या घरच्यांना दीपक पसंत. अडलं होतं एका ठिकाणी. महेशचं लग्न व्हायचं होतं, आणि ह्यांचं म्हणणं, थोरला तसाच असताना धाकट्याला बोहल्यावर चढवणार नाही म्हणजे नाही.

महेशचं का होत नव्हतं ते तुम्हाला सांगायला नको. शेती करतो, एवढंच. पोरीचा बाप स्वतः शेतकरी असतो, पण जावई नोकरीवाला पाहिजे. हे प्रत्येक वधूवर मेळाव्याला जायचे. मुलगा काय करतो, असं समोरचे विचारायचे. मळा आहे म्हटलं की म्हणायचे, ते झालं हो, पण करतो काय? घरी पाहुणे यायचे म्हटलं की महेश इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि ते गेले की काढून परत घडी घालून ठेवायचा. शर्टाची ती घडी मला बघवायची नाही.

ह्यांची भीतीही खोटी नव्हती. धाकट्याचं आधी केलं की लोक म्हणतात, थोरल्यात काहीतरी खोट असणार, आणि मग येणारं स्थळही दारावरून परत जातं. पण दुसऱ्या बाजूला सृष्टीचे वडील सुनीलराव दोन वर्षं थांबले होते. बोलताना मधेच अहिराणीत शिरणारा भला माणूस. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत हो किंवा नाही कळवा, नाही कळवलंत तर आम्ही दुसरीकडे बघायला मोकळे. दीपक त्या दिवसापासून घरात धड जेवेना आणि बापाशी धड बोलेना.

अशात होळीच्या आधी हे टेम्पोवरून पडले. फुलांचे क्रेट ड्रायव्हर चढवतो, ह्यांना चढवायची काही गरज होती का? पण उभं राहवतंय कुठे. फाळक्यावरून पाय सटकला आणि नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून डॉक्टरनं सांगितलं, पाय जमिनीला लावायचा नाही.

भिंगरीवाला माणूस खाटेवर. काय सांगू तुम्हाला. पंखा लाव, पंखा बंद कर. उशी इकडे घे. झेंडूला पाणी सोडलं का, कोण आलं गेटवर, कुत्रं का भुंकतंय. काठीनं खाटेचा पाय ठोकायचे, एकसारखे. आणि ह्या सगळ्याच्या मागं एकच होतं ते मला ठाऊक होतं. आखाजी जवळ येत होती, महेशसाठी एखादं स्थळ बघायला जावं तर जाता येत नव्हतं, आणि दीपकचं तोंड सकाळ-संध्याकाळ समोर. माझ्या तर नाकी नऊ आले.

सृष्टी द्राक्षं घेऊन बघायला आली ती अशा वेळी. ह्यांची तगमग तिनं घटकाभर बघितली आणि म्हणाली, काका, तुम्हाला एक आकड्यांचा खेळ देऊन जाते, जागच्या जागी कितीही लांब जाता येतं. मग तिनं सांगितलं. दोनपासून सुरू करायचं. त्यात एक मिळवला की तीन. आलेल्या सगळ्यांचा गुणाकार करायचा, त्यात वरचा एक घालायचा. दोन त्रिक सहा आणि एक सात. दोन गुणिले तीन गुणिले सात बेचाळीस, वरचा एक, त्रेचाळीस. हे सगळे मूळ आकडे, म्हणजे ज्यांचे सारखे भाग पडत नाहीत असे. पुढे कधी कधी येणारा आकडा फुटतो, तेव्हा त्याचे मूळ अवयव काढायचे, त्यातला सगळ्यात लहान असेल तो आपल्या रांगेत घ्यायचा आणि परत गुणाकार, परत वरचा एक.

वरचा एक म्हटल्यावर ह्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, आहेराच्या पाकिटात शंभर कधी घालतात का, एकशे एक घालतात. वरचा एक का, तर कुणाला सारखं वाटून घेता येऊ नये, काहीतरी उरावं. सृष्टी म्हणाली अगदी तेच, काका. जुन्या कुणालाही तो नवा आकडा वाटून घेता येत नाही, एक उरतोच, म्हणून दर वेळी नवा कुणीतरी यावाच लागतो. एवढं सांगून ती गेली. ऐकताना हे इतके खुशीत होते की तिचा शेवटचा नियम ह्यांनी कानाआड केला, हे मला पुढे कळलं.

आमच्याकडे लग्नपत्रिकांना तोटा नाही. अख्ख्या तालुक्याच्या पत्रिका ह्यांच्या नावानं येतात. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित सुरू झालं. पुढे कुणाच्या तरी ज्येष्ठ चिरंजीवाचं लग्न, मागे ह्यांचा भागाकार. अठराशे सात आला, त्याला फोडायला दोन दिवस घेतले. सातनं जाईना, अकरानं जाईना. शेवटी तेरानं गेला. तेरा गुणिले एकशे एकोणचाळीस. हे केवढ्यानं ओरडले, मला वाटलं पाय परत मोडला.

आणि तिथंच ह्यांनी केलं ते केलं. दोघं मिळाले, तेरा आणि एकशे एकोणचाळीस. ह्यांनी एकशे एकोणचाळीसला रांगेत घेतलं. मला वावगं वाटलं नाही, मला काय कळतंय त्यातलं. मोठा समोर असताना लहान्याला कोण आधी बसवतं?

पण रांग जशी पुढे जायला लागली तशी ह्यांची नवीनच तगमग सुरू झाली. दोन आला, तीन आला, सात आला. पाच कुठाय? लिहिता लिहिता मधेच थांबून विचारायचे, चांगुणा, पाच राहिला गं. मी म्हटलं, राहू द्या की. तर म्हणे, राहू द्या कसं, पाचामुखी परमेश्वर म्हणतात, सुपारीला पानं पाच लागतात, ओटीला सुवासिनी पाच लागतात, आणि ही कसली रांग जिच्यात पाच नाही. दुसऱ्या दिवशी गुणाकार झाला, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघितला, दोन लाख एक्कावन्न हजार पस्तीस. शेवटी पाच. म्हणजे पाचनं भाग जाणारच. हे उठून बसले. भाग गेला, आणि दुसरा अवयव निघाला पन्नास हजार दोनशे सात. दोघं दारात उभे. ह्यांनी डोकं खाजवलं, इकडे तिकडे बघितलं, आणि घेतलं कुणाला? पन्नास हजार दोनशे सातला. म्हणाले, पाच काय, लहान आहे, त्याचा नंबर येईल पुढच्याला.

पुढच्याला आला नाही. पुढच्याला निघाला तीन लाख चाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव, आणि त्याच्या पुढच्या गुणाकाराला मोबाइलनं हात टेकले. आकड्यांच्या मधे इंग्रजी अक्षर दाखवायला लागला. हे मोबाइलवर चिडले, माझ्यावर चिडले, चहा गार आहे म्हणून कपावर चिडले. मीही मग ठेवणीतलं काढलं. म्हटलं, त्या पाचाला दारातून परत पाठवला कुणी? आता कशाला वाट बघता?

हे म्हणाले, थांबलं म्हणून कुणाचं बिघडत नाही. आपण नाही थांबलो?

ते मला लागलं. मी थांबले होते हो. आमची सुपारी फुटली तेव्हा ह्यांचे थोरले भाऊ चिमाजी बिनलग्नाचे होते, त्यांचं होईपर्यंत मला माहेरी बसवून ठेवलं. माझ्या लग्नाचा शालू आई दर उन्हाळ्यात उन्हाला घालायची आणि परत पेटीत ठेवायची. विहिरीवर गेलं की बाया विचारायच्या, काय गं, सोडली का तुला? ह्यांना त्यातलं काय माहीत. ह्यांच्या पायाला भिंगरी होती, हे गावभर फिरत होते. मी एवढंच म्हणाले की तुमचं बिघडलं नसेल, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

आखाजीला आठवडा राहिला तेव्हा सृष्टी परत आली. दीपकला सुट्टी नव्हती, म्हणून महेश तिला निमाणीच्या बस स्टँडवरून गाडीवर घेऊन आला आणि ओसरीत क्रेट रचत बसला. पोरगी सुकली होती. लग्नाचं कुणी काढलंच नाही. ह्यांनी तेवढ्यात पत्रिकांचा गठ्ठा तिच्यासमोर टाकला आणि मोबाइलची तक्रार केली. ती एकेक पत्रिका उलटी करून बघत गेली. एकशे एकोणचाळीसपाशी थांबली आणि हसली. म्हणाली, काका, इथं तेरा घ्यायचा होता, मी लहान सांगितला होता.

हे म्हणाले, मोठा असताना लहान्याला कसा काढणार? तुझ्या खेळात असेल, आमच्यात ती रीत नाही. त्यानं काय फरक पडतो, क्रम मागं-पुढं होईल, येतील सगळेच. तेवढं एक मला सांग, पाच कधी येतो? एकदा दारात येऊन उभा राहिला होता, मी थांब म्हटलं.

सृष्टीचं हसू गेलं. तिनं ती पत्रिका हातात धरली. मग हळू म्हणाली, “काका, ह्या रीतीनं पाचाचा नंबर कधीच येत नाही.”

“कधीच म्हणजे?”

“म्हणजे कितीही पुढे गेलात तरी. हे सिद्ध झालेलं आहे.”

आणि तिनं तिथंच समजावून सांगितलं. मी सातवी शिकलेली, पण मलाही कळलं. दोन आणि तीन आधीच रांगेत आहेत, ते परत निघत नाहीत. मग पाच सगळ्यात मोठा ठरायचा तर त्या आकड्यात पाचाशिवाय दुसरं कुणीच नको. म्हणजे तो आकडा पाच, नाहीतर पंचवीस, नाहीतर सव्वाशे, असाच पाहिजे. आता त्यातून वरचा एक काढा. चार, चोवीस, एकशे चोवीस. सगळ्यांना चारनं भाग जातो. आणि आपला गुणाकार? त्यात दोन एकदाच आहे, बाकी सगळे विषम. त्याला चारनं भाग जाणं शक्यच नाही. पाच दारात येईल, हजारदा येईल, पण दर वेळी त्याच्याबरोबर कुणीतरी मोठा असेलच.

हे काठी ठोकायचे थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात तो ठोकण्याचा आवाज नव्हता. सृष्टीच्याही ध्यानात आलं असावं ती काय बोलून बसली ते. तिनं पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि पत्रिका खाली ठेवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, ऐकलंत का, कधीच म्हणतेय ती. पण ओसरीत महेश होता. त्याच्यासमोर ते कसं बोलायचं?

महेश उठला. हात झटकले आणि दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “मान मोठ्याचा ना, आबा? मग मोठा सांगतोय. लहान्याला आधी घ्या.”

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. महेश नजर हलवेना. मग ह्यांनी नुसता हात पुढे केला. मला वाटलं पाणी मागतायत, तर पेन मागत होते.

सृष्टीनं आकडे सांगितले, ह्यांनी लिहिले. अठराशे सातातून तेरा घेतला. परत गुणाकार, वरचा एक, तेवीस हजार चारशे एकोणऐंशी. त्यातून त्रेपन्न. परत गुणाकार, परत वरचा एक, बारा लाख चव्वेचाळीस हजार तीनशे पस्तीस. शेवटचा पाच ह्यांनी लिहिला आणि पेन तिथंच टेकवून ठेवलं. रांगेतला सातवा. डोळे पुसले, मग पुसले म्हणून चिडले, आणि मला म्हणाले, बघत काय बसलीस, देवळ्याला फोन लाव.

साखरपुड्याला हे प्लॅस्टरसकट खुर्चीत बसले. सुनीलरावांनी उराउरी भेटताना खुर्ची कलंडता कलंडता राहिली. वैशाखात लग्न झालं. पत्रिकेवर कनिष्ठ चिरंजीव असं छापून आलं, लोकांनी ते वाचलं, आणि बोलायचं ते बोललेच. मांडवात महेशनं पाण्याचं बघितलं, वाढप्यांचं बघितलं, भावाच्या डोक्यावर फेटा स्वतः बांधला. नातेवाइकांनी तुझं कधी म्हणून विचारलं की हसायचा. हे तेव्हा चालायला लागले होते, तरी दिवसभर त्याच्या आसपासच घुटमळत होते.

पाच आला म्हणजे ह्यांना स्वस्थता आली असेल असं तुम्हाला वाटत असेल. छे. लग्नाला महिना झाला नाही तोच ह्यांनी सुनेला विचारलं, लहान्याला आधी घेतलं की मग सगळेच येतात ना? ती म्हणाली, आबा, ते कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या संगणकांवर लोकांनी जिथवर रांग काढलीय, तिथवर एक्केचाळीस अजून आलेला नाही. येईल असं वाटतं, पण सिद्ध कुणी केलेलं नाही. झालं. आता उठता बसता एक्केचाळीस. फुलबाजारात क्रेट उतरवताना एक्केचाळीस. जळ्ळं मेलं ते गणित.

पण ते ऐकल्यापासून मलाही एक आकडा सोडेना. सून आणि मी ओसरीत मेथी निवडत होतो. मला राहवेना. मी म्हटलं, “सृष्टी, तो एकशे एकोणचाळीस गं. तेराला घेतलं तेव्हा जो मागं ठेवला. त्याचं काय झालं?”

तिनं हातातली काडी खाली ठेवली. “येतो, आई. मधे दोन फार मोठे आकडे येतात. मग दहावा तोच येतो.”

मेथी तशीच टाकून मी मळ्यात गेले. महेश शेवंतीला काठ्या लावत होता. मला धाप लागलेली, धड बोलता येईना, तरी सांगितलं, अरे, तो एकशे एकोणचाळीस येतो, दहावा येतो म्हणतेय ती.

महेश म्हणाला, “माहीत आहे मला. त्या दिवशी तिला निमाणीला सोडायला गेलो ना, गाडीवरून उतरताना विचारलं होतं.”

मी तिथंच बांधावर बसले. इतके दिवस मी समजत होते, पोरगा दिलदारपणे बोलून गेला, त्याला काही लागलं नाही. त्याला सगळं लागलं होतं. तो तेव्हापासून मनात घेऊन हिंडत होता आणि मी त्याची आई असून मला पत्ता नव्हता. रडू आलं ते मी आवरलं नाही. त्यानं सुतळीचा तुकडा दातानं तोडला, पुढच्या झाडाला काठी लावली आणि म्हणाला की उन्हात बसू नको, घरी जा.

रविवारी दिंडोरीकडून पाहुणे येणार होते. मी घरात गेले आणि त्याचा शर्ट इस्त्रीला काढला.